सरकारी खरेदीच्या तपशिलात शेतमालापासूनच्या वस्तूंना लेखी स्थान द्यावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपुरात दर वर्षी सरकारी खरेदीची लगबग सुरू होते. रविभवन, नागभवन आणि आमदार निवासाच्या भिंतींना नवा रंग लागतो, गाद्या-उशा बदलल्या जातात, केराच्या टोपल्या, पायपुसणी, फरशी पुसण्याचे द्रव, फायली, फोल्डर यांचे पुरवठा आदेश निघतात. १९५३ च्या नागपूर करारामुळे हे अधिवेशन आपल्या शहरात भरते आणि त्यात कापूस, सोयाबीन, धान यांच्या भावावर दर वर्षी चर्चा होते. त्याच काळात सरकार स्वतः एक मोठे गिऱ्हाईक म्हणून बाजारात उभे असते. हे गिऱ्हाईक शेतातून आणि रानातून आलेल्या कच्च्या मालाच्या वस्तू घेते का, आणि घेत नसेल तर का घेत नाही, याबद्दल मला या पत्रातून काही सांगायचे आहे.

मी एका शासकीय कार्यालयाच्या भांडार शाखेत एकतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. मागणीपत्रके तपासणे, निविदेचा मसुदा तयार करणे, तुलनात्मक तक्ता करून खरेदी समितीपुढे ठेवणे हे माझे रोजचे काम होते. बारा-तेरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. कार्यालयासाठी दोनशे केराच्या टोपल्या घ्यायच्या होत्या. भंडारा जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाने बांबूच्या टोपलीचा नमुना आणून दिला. वीण घट्ट, कड दुहेरी वळवलेली, आणि ओल्या फरशीवर टोपली टेकू नये म्हणून बुडाला बांबूच्या दोन जाड पट्ट्या आडव्या बांधलेल्या. तिचा दर प्लास्टिकच्या टोपलीपेक्षा थोडा जास्त होता, पण फार नव्हता. ती टोपली मी चार महिने माझ्या टेबलाखाली वापरली. एक काडीसुद्धा निसटली नाही. मात्र निविदेतला तांत्रिक तपशील आम्ही आदल्या निविदेवरून जसाच्या तसा उतरवलेला होता आणि त्यात लिहिले होते, ‘प्लास्टिक, गोल, निळा रंग, क्षमता १० लिटर’. कागदाचे बोळे टाकायच्या टोपलीला प्लास्टिकच का हवे आणि निळा रंग का हवा, हे शाखेतल्या कोणालाही सांगता आले नसते. तक्त्यात त्या गटाच्या नावापुढे ‘अपात्र’ हा शेरा मीच माझ्या हाताने लिहिला. दर उघडण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

या प्रकरणात कोणी लबाडी केली नव्हती आणि बांबूला कोणाचा विरोधही नव्हता. एका जुन्या ओळीमुळे वस्तू बाद झाली. म्हणून माझे म्हणणे असे आहे की ‘पर्यावरणपूरक वस्तू वापराव्यात’ अशी परिपत्रके कितीही काढली तरी खरेदीत काही बदलणार नाही. जैवाधारित वस्तूंना द्यायचे प्राधान्य हे वस्तूच्या तपशिलात, टक्केवारीच्या आकड्यासह आणि ती मोजण्याच्या पद्धतीसह लिहिले गेले तरच भांडार शाखेतला कर्मचारी त्याची अंमलबजावणी करू शकेल.

जैवाधारित म्हणजे ज्या वस्तूचा कच्चा माल पिके, वने, पशुधन अशा चालू काळातल्या सजीवांपासून मिळतो, खनिज तेलापासून नव्हे, अशी वस्तू. अशा वस्तूंच्या सरकारी खरेदीचा सर्वांत तपशीलवार नियम मला अमेरिकेचा वाटतो. तेथील २००२ च्या शेतीविषयक कायद्याच्या कलम ९००२ ने केंद्रीय सरकारच्या सर्व खात्यांवर जैवाधारित वस्तूंना प्राधान्य देण्याचे बंधन घातले आणि ‘बायोप्रिफर्ड’ नावाचा कार्यक्रम कृषी खात्याकडे सोपवला. हा विषय पर्यावरण खात्याऐवजी कृषी खात्याकडे गेला, यातच त्यामागचा हेतू दिसतो. शेतमालाला अन्न व चाऱ्यापलीकडचा बाजार मिळावा, ही त्या कायद्याची एक प्रमुख प्रेरणा होती.

त्या नियमाची रचना आमच्यासारख्या भांडारातल्या माणसाला चटकन समजेल अशी आहे. कृषी खाते वस्तूंचे प्रवर्ग जाहीर करते आणि प्रत्येक प्रवर्गासाठी जैव घटकाची किमान टक्केवारी ठरवून देते. २००६ मध्ये पहिले सहा प्रवर्ग आले, त्यांत फिरत्या यंत्रांच्या हायड्रॉलिक तेलासाठी ४४ टक्के, गंजलेले सांधे सोडवणाऱ्या वंगणासाठी ६८ टक्के आणि डिझेलमध्ये मिसळायच्या द्रव्यासाठी ९० टक्के अशा मर्यादा होत्या. आज प्रवर्गांची संख्या १३९ पर्यंत पोहोचली आहे. एका प्रवर्गातली खरेदी दहा हजार डॉलरच्या पुढे गेली की प्राधान्य देणे बंधनकारक होते, आणि ते नाकारायचे असल्यास तीनच कारणे चालतात: वस्तू वाजवी मुदतीत मिळत नाही, ती कामाच्या कसोटीला उतरत नाही, किंवा तिची किंमत अवास्तव आहे. म्हणजे नकाराचे कारण खरेदी करणाऱ्याला द्यावे लागते. आपल्याकडे याच्या उलट घडते. नेहमीपेक्षा वेगळी वस्तू घेतली तर ती का घेतली, याचा खुलासा लेखापरीक्षणात मागितला जातो; नेहमीचीच वस्तू घेतली तर कोणी काही विचारत नाही. नोकरीत असताना मी स्वतः हाच विचार करून कितीतरी वेळा जुना तपशील कायम ठेवला आहे. लेखी नियम असेल तर कर्मचाऱ्याला त्याचे संरक्षण मिळते, आणि माझ्या मते बक्षिसे आणि प्रशिक्षणे यांपेक्षा त्या संरक्षणाचा उपयोग अधिक होईल.

टक्केवारी मोजता येते का, हा प्रश्न रास्त आहे. ती मोजता येते, आणि त्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. उत्खननात सापडलेल्या कोळशाचे वय ज्या कार्बन-१४ वरून काढतात, त्याच्याच मोजणीवर ‘ए.एस.टी.एम. डी ६८६६’ हे मानक उभे आहे. वनस्पती हवेतला कार्बन घेतात, त्यामुळे ताज्या पिकात कार्बन-१४ चा ठराविक अंश असतोच. त्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो, असे असल्याने लाखो वर्षे जमिनीत राहिलेल्या खनिज तेलात तो उरलेला नसतो. नमुन्यात तो किती आहे हे पाहिले की वस्तूतला किती कार्बन शेतातला आणि किती तेलविहिरीतला, हे आकड्यात कळते. पुरवठादाराने कितीही मोठे दावे केले तरी या मोजणीपुढे ते चालत नाहीत. रेडिओकार्बन मोजणारी साधने दिल्ली, अहमदाबाद आणि लखनऊ येथील आपल्या संशोधन संस्थांकडे आहेत. ती आजवर मुख्यतः पुरातत्त्व आणि भूविज्ञानासाठी वापरली गेली. खरेदीसाठीच्या तपासणीला त्यांच्या जोडीने मान्यताप्राप्त प्रयोगशाळा उभ्या कराव्या लागतील, आणि प्रत्येक खेप तपासण्याऐवजी उत्पादनाला एकदा प्रमाणपत्र देऊन अधूनमधून नमुने घेणे पुरेसे होईल.

मोजणीचा आग्रह मी का धरतो, हे एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. आमच्या कार्यालयात एका कार्यक्रमाच्या जेवणासाठी ‘पानांच्या पर्यावरणपूरक पत्रावळी’ मागवल्या होत्या. वरून पळसाची पाने छान दिसत होती. जेवण झाल्यावर मी एक पत्रावळ पाण्यात भिजवून पाने सोडवली, तर आत पुठ्ठ्याचा गोल चकता निघाला आणि पाने व पुठ्ठा यांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता. तो ओढला की ताणला जात होता, तुटत नव्हता. लहानपणी आमच्या गावी उन्हाळ्यात आजी कडुनिंबाच्या वा बांबूच्या बारीक काड्यांनी पळसाची पाने टाचून पत्रावळी लावायची. त्या गाईपुढे टाकता येत असत. ही नवी पत्रावळ गाईच्या पोटात गेली तर काय होईल, हे सांगायला नको. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. पण बंदी कोणती वस्तू नको एवढेच सांगते. तिच्या जागी कोणती हवी आणि ती कशी ओळखायची, हे खरेदीच्या तपशिलाने सांगावे लागते. ते न सांगितल्यामुळेच असा पापुद्रा ‘पर्यावरणपूरक’ म्हणून कार्यालयात येतो.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवतो, कारण तीत अधिकाऱ्यांचाही गोंधळ होतो. जैवाधारित म्हणजे कुजणारे, असे नाही. उसाच्या इथेनॉलपासून केलेले पॉलिथिलीन ब्राझीलमध्ये २०१० पासून मोठ्या प्रमाणावर तयार होते. त्याचा कच्चा माल शेतातला असला तरी ते नेहमीच्या पॉलिथिलीनसारखेच आहे आणि कुजत नाही. उलट खनिज तेलापासून केलेले काही प्लास्टिक योग्य परिस्थितीत कुजते. त्यामुळे पत्रावळीसारख्या फेकून द्यायच्या वस्तूला दोन्ही अटी लावाव्या लागतील: जैव घटक किती, आणि ती आय.एस. १७०८८ या कंपोस्टयोग्य प्लास्टिकच्या मानकासारख्या कसोटीवर कुजते का. टेबल, रंग, वंगण यांना दुसऱ्या अटीची गरज नाही. भिंतीवरचा रंग कुजावा अशी कोणाचीच इच्छा नसते.

आपल्या देशाला खरेदीतले प्राधान्य नवे नाही. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील नियम १५३ नुसार खादीचे कापड खादी ग्रामोद्योग आयोगाकडूनच घेण्याचे बंधन आहे. ताग पॅकिंगच्या सक्तीचा १९८७ चा कायदा तर जैवाधारित खरेदीचे उत्तम भारतीय उदाहरण आहे. त्याखाली धान्यासाठी १०० टक्के आणि साखरेसाठी २० टक्के तागाच्या पोत्यांचे आरक्षण आहे, आणि सरकार दर वर्षी सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पोती घेते. बंगालमधील ताग उत्पादक शेतकऱ्याच्या आणि गिरणी कामगाराच्या पाठीशी हा कायदा उभा आहे. मात्र त्याच कायद्याची दुसरी बाजू भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला चांगली माहीत आहे. ऐन हंगामात धान खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून माप थांबते, धान उघड्यावर पडून राहते आणि शेतकरी व्यापाऱ्याच्या दारात जातो. टंचाई झाली की प्लास्टिकच्या पोत्यांना सूट दिली जाते. सक्ती करताना पुरवठ्याचा अंदाज आणि आगाऊ मागणी यांची सांगड घातली नाही तर सक्तीचा भार शेवटी शेतकऱ्यावरच येतो, हे या उदाहरणावरून लक्षात ठेवावे. म्हणून मी सरसकट सक्तीची मागणी करीत नाही. अमेरिकी नियमातला ‘वाजवी मुदतीत उपलब्ध असल्यास’ हा अपवाद आपल्याकडेही हवा.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीही प्राधान्य आहेच. केंद्रीय खरेदीपैकी २५ टक्के त्यांच्याकडून घ्यायची असते, आणि सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत त्यांचा दर असेल तर त्यांना त्या कमी दराला माल देण्याची संधी मिळते. पण बांबूची टोपली आणि प्लास्टिकची टोपली यांच्यात ही सवलत उपयोगी पडत नाही. प्लास्टिकच्या टोपलीचा साचा मिनिटाला एक टोपली पाडतो. बांबूच्या टोपलीला बाईचा अर्धा दिवस जातो. तिला प्लास्टिकच्या दराला माल द्यायला सांगणे म्हणजे तिच्या मजुरीवर पाणी सोडायला सांगणे आहे. त्यामुळे उपाय दराच्या सवलतीत शोधण्यापेक्षा प्रवर्ग वेगळा करण्यात शोधावा. ‘केराची टोपली, बांबू किंवा तत्सम नैसर्गिक धागा, जैव घटक किमान ९५ टक्के’ असा स्वतंत्र प्रवर्ग झाला की बांबूच्या टोपल्या आपसात स्पर्धा करतील. दरातली चुरसही टिकेल आणि हाताचे काम निविदेबाहेर जाणार नाही.

याच ठिकाणी अमेरिकेच्या नियमाशी माझा मतभेद आहे. १९७२ च्या आधीपासून ज्यांना चांगला बाजार होता अशा वस्तूंना, त्यांना मदतीची गरज नाही या विचाराने, तेथे दीर्घकाळ प्राधान्यातून वगळले होते. लाकडी आणि वनाधारित वस्तूंसाठी २०१४ च्या कायद्याने दार उघडले. आपल्या बुरडाची टोपली, सूप, तट्टी या शेकडो वर्षांच्या वस्तू आहेत आणि त्यांचा बाजार प्लास्टिकने आपल्या डोळ्यांदेखत नेला. आपला नियम लिहिताना जुनी वस्तू म्हणून त्यांना वगळले जाऊ नये. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तेथे हातकागद, घाणीचे तेल, गूळ यांवर काम उभे केले, ते नागपूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आत. वर्ध्याच्या परंपरेतल्या वस्तूंना नागपूरच्या निविदेत जागा नसावी, हे मला पटत नाही.

आता नव्या वस्तूंकडे वळतो, कारण हा विषय केवळ हस्तकलेचा नाही आणि विदर्भात त्याची ठळक उदाहरणे आहेत. वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये रस्त्याच्या कडेला पोलादाऐवजी बांबूचा २०० मीटर लांबीचा संरक्षक कठडा बसवला गेला. पिथमपूरच्या वाहन चाचणी केंद्रात त्याची टक्कर-चाचणी आणि रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत अग्निचाचणी झाली होती. त्या बांबूवर क्रिओसोट तेलाची प्रक्रिया आहे आणि पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचे आवरण आहे. क्रिओसोट दगडी कोळशाच्या डांबरापासून निघते. म्हणजे हा कठडाही पूर्णपणे जैवाधारित नाही, आणि त्यात काही गैर नाही; पण किती टक्के आहे हे लिहिले तर त्याच्यापेक्षा चांगला कठडा करणाऱ्याला पुढे येण्यासाठी जागा राहील. तसेच २१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर-मनसर बायपासवर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, जैव-बिटुमेनच्या, म्हणजे वनस्पतीपासूनचा घटक मिसळलेल्या डांबराच्या, पट्ट्याचे उद्घाटन झाले. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेबरोबर केलेल्या या मिश्रणात लिग्निन वापरले आहे. लिग्निन म्हणजे वनस्पतीच्या पेशींना ताठपणा देणारा घटक. पिकांच्या काडाकचऱ्यावर प्रक्रिया करताना तो मागे उरतो. मनसरकडे जाताना मी मुद्दाम त्या पट्ट्यावर उतरून पाहिले. पायाखाली नेहमीच्या रस्त्यापेक्षा वेगळे काहीच जाणवत नाही, आणि तसेच असायला हवे.

हे दोन्ही प्रयोग एका केंद्रीय मंत्र्यांच्या, नितीन गडकरींच्या, पुढाकाराने पुढे आले हे सर्वज्ञात आहे. पुढाकाराबद्दल मला आदर आहे. पण मंत्री बदलतात, खाती बदलतात. बांधकाम विभागाचा अभियंता अंदाजपत्रक करतो ते दरसूचीवरून. एखादी वस्तू दरसूचीत नसेल तर तिचा दर विश्लेषण करून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मार्चअखेर समोर असताना त्या फंदात कोणी पडत नाही. प्रयोग यशस्वी ठरला की त्या वस्तूला दरसूचीत क्रमांक मिळण्याची मुदत ठरवून द्यावी. नाहीतर २०० मीटरचा कठडा २०० मीटरच राहील.

सर्वांत अधिक तळमळ मला पऱ्हाटीबद्दल वाटते. कापसाची वेचणी संपली की शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्यांत गुलाबी बोंडअळी तग धरते, म्हणून त्या लवकर उपटून शेत मोकळे करण्याचा सल्ला दर वर्षी दिला जातो. शेतकरी उपटतो आणि बहुतेक वेळा बांधावर ढीग करून पेटवून देतो, कारण घरी चुलीला लागते त्यापलीकडे तिला गिऱ्हाईक नाही. वर्धा मार्गाने किंवा काटोल मार्गाने फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी गेलात तर हे ढीग जळताना दिसतात. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले आहे आणि त्या संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या अमरावती मार्गावर आहे. पार्टिकल बोर्डाचे भारतीय मानक, आय.एस. ३०८७, लाकडाबरोबरच इतर काष्ठतंतुमय पदार्थांपासून केलेले बोर्डही मान्य करते. म्हणजे मानकाची अडचण नाही. तरीही कार्यालयीन टेबल, कपाट, शाळेचे बाक यांच्या निविदेत ‘लाकडापासून केलेला बोर्ड’ असे शब्द आले की पऱ्हाटीचा बोर्ड आपोआप बाद होतो. केवळ त्या दोन-तीन शब्दांच्या जागी ‘आय.एस. ३०८७ नुसार’ एवढेच लिहिले तरी त्याला निविदेत उभे राहता येईल. आणि ‘शेतीच्या काडापासून केलेल्या बोर्डाला प्राधान्य’ असे लिहिले तर एखादा उद्योजक कारखाना टाकण्याचा विचार करील. लेखी मागणीमुळे काय होते याचा नमुना कोळशावरच्या वीज केंद्रांत दिसतो. २०२१ च्या धोरणाने त्यांना कोळशाबरोबर ५ टक्के जैव इंधनाच्या गोळ्या जाळण्याचे बंधन घातले आणि त्यानंतर काडाकचऱ्याच्या गोळ्यांच्या निविदांना वेग आला. माझे मत असे की पऱ्हाटी जाळून वीज करण्यापेक्षा तिचे टेबल करणे अधिक मोलाचे आहे. टेबल वीस वर्षे टिकते.

रंगाचेही तसेच. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि कडक थर धरते. म्हणून तैलरंग, वार्निश आणि काच बसवण्याची लांबी (पुट्टी) यांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पूर्व विदर्भात धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर जवस फेकण्याची उतेरा पद्धत आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन होते आणि एन.एल.-९७ सारखे वाण येथूनच आले. पण पेरा घटत गेला, कारण तेलाला मागणी उरली नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाने १२ जानेवारी २०२१ रोजी शेणापासूनचा ‘प्राकृतिक पेंट’ बाजारात आणला. तो जयपूरच्या ज्या संस्थेत तयार झाला तिला कुमारप्पांचेच नाव आहे. छत्तीसगडने शासकीय इमारतींना तो लावण्याचे आदेश दिले होते. आपल्या बांधकाम विभागाने आमदार निवासाच्या एका मजल्यावर तो आणि दुसऱ्या मजल्यावर नेहमीचा रंग लावून दोन पावसाळ्यांनंतर दोन्ही भिंती तपासाव्यात. डब्यावर जैव घटकाची टक्केवारी छापलेली असावी, एवढी अट मात्र घालावी.

संपादक महोदय, तुमच्या व्यवसायातलेही एक उदाहरण आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्सच्या ‘द गॅझेट’ या दैनिकाने प्रथम सोयाबीन तेलाच्या शाईवर अंक छापला, आणि १९९४ मध्ये तेथील सरकारी छपाईसाठी वनस्पती तेलाच्या शाईचा कायदा झाला. वृत्तपत्राने सुरुवात केली आणि सात वर्षांत सरकारने नियम केला. सोयाबीनचे भाव पडले की आपण मोर्चे काढतो. शाळेची पाठ्यपुस्तके आणि सरकारी नमुने कोणत्या शाईवर छापले जातात, हेही कधी विचारायला हवे.

आक्षेप दोन येतील. पहिला खर्चाचा. काही वस्तू सुरुवातीला महाग पडतील हे मी मान्य करतो, म्हणूनच अवास्तव किमतीचा अपवाद हवा आणि ‘अवास्तव’ म्हणजे किती टक्के हे प्रत्येक प्रवर्गासाठी आधी लिहून ठेवावे, म्हणजे खरेदी समितीच्या बैठकीत वाद होणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अन्नाची जमीन उद्योगाच्या पिकाखाली जाईल किंवा जंगलावर ताण येईल. त्यासाठी पहिल्या यादीत काडीकचरा, तणस, पऱ्हाटी, शेण आणि बांबू यांपासूनच्या वस्तूच घ्याव्यात. बांबूसाठी गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांची वाट सर्वांपुढे आहे. तेथे २०११ मध्ये ग्रामसभेला स्वतःच्या बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला. सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभांकडून घेतलेल्या बांबूला खरेदीत अग्रक्रम दिला तर पैसा थेट गावात जाईल.

माझी मागणी मोठी नाही. उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने लागू झालेल्या खरेदीच्या नियमपुस्तिकेत जैवाधारित वस्तूंचे एक प्रकरण जोडावे, पहिल्या वर्षी केराची टोपली, पत्रावळी-द्रोण, फाइल व फोल्डर, कार्यालयीन टेबल, भिंतीचा रंग आणि फरशी पुसण्याचे द्रव असे सहाच प्रवर्ग घ्यावेत, आणि त्यांची किमान टक्केवारी ठरवताना नागपूर-वर्ध्याच्या संशोधन संस्थांना बरोबर घ्यावे. येत्या अधिवेशनासाठीच्या मागणीपत्रकांत तर नियम होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. ‘प्लास्टिक, निळा रंग’ हे शब्द खोडून ‘प्लास्टिक किंवा बांबू’ असे लिहिण्याचा अधिकार आजही शाखाधिकाऱ्याला आहे.

त्या बचत गटाच्या बाई नमुना परत न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना टोपलीचे पैसे देऊन ती घरी आणली. ती आजही माझ्या लिहिण्याच्या टेबलाजवळ आहे. तपशील नव्याने लिहिताना एखाद्या कार्यालयाला मोजमाप घेण्यासाठी ती हवी असेल, तर मी ती स्वतः आणून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भांडार अधिकारी, नागपूर